वेणूबाईंचा रंग

"दाबू नका. पेन्सिल नुसती फिरवत राहा. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आपण चित्र काढतोय, भांडी घासत नाही."

साईनाथ सरांचं हे बोलणं गुरुवारी सकाळपासून नम्रताच्या कानात घुमत होतं. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या चित्रकलेच्या वर्गाला ती सहा महिने जात होती, आणि समोर कागदावर वेणूबाईंचा चेहरा तिसऱ्यांदा फसला होता.

वेणूबाई कसब्यातल्या एका देवळाबाहेर फुलं-दूर्वा विकायच्या. रोज एकवीस दूर्वांची जुडी त्यांच्याकडूनच घ्यायची, हा नम्रताचा बारा वर्षांचा नेम. उद्या सकाळी त्या कायमच्या लेकीकडे सोलापूरला निघणार होत्या. पंधरवड्यापूर्वी त्या म्हणाल्या होत्या, "मोबाईलमधी मी कोळशावानी येते बघ. तू मला माझ्या रंगात काढ. जायच्या आत दे." नम्रताने शब्द दिला होता.

पण तो रंगच सापडेना.

तिची मुलगी स्वराली चहा घेऊन आली आणि मागेच थबकली. "सॉरी हं आई, पण तू मावशींना शेंदूर फासलायस."

नम्रताला हसू आलं. खरंच होतं ते. आरंभ शुभ रंगाने व्हावा म्हणून ती पहिला थर नेहमी केशरीच द्यायची. सावळ्या चेहऱ्याखाली आधी हिरवा द्या, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिने मान डोलावली आणि घरी येऊन केशरीच उचलला.

"अगं, जित्या माणसाच्या गालावर हिरवा? आजारी दिसतील त्या."

"मग देवघरातल्या फोटोतला तुझा राम हिरवट-निळाच आहे की. तो आजारी आहे का?"

नम्रताने एकदा देवघराकडे पाहिलं. मग तिने कोरा कागद ओढला, फसलेल्या चित्रासकट खिडकीच्या काचेवर धरून बाह्यरेषा उतरवून घेतली आणि शेवाळी पेन्सिल उचलली. एक रेघ, एक नाम. ओठांत नाम असलं की हात आपोआप हलका राहायचा. डोळ्यांच्या खोबणीत, गालाच्या हाडाखाली, मानेवर हिरवा. त्यावर जांभळा. चेहरा पार भुतासारखा झाला, तरी ती थांबली नाही. तिसरा थर केशरी.

आणि गाल उबदार झाला.

तिने श्वास रोखून तपकिरी फिरवला. खालचा हिरवा त्यातून हळूच डोकावत राहिला, जसा उन्हात बसणाऱ्याच्या कातडीत असतो तसा. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर तिने कागद पांढराच सोडला होता. तिथे घाम चमकू लागला. सातव्या थरानंतर मात्र, सरांनी शिकवल्याप्रमाणे शेवटी एकदाच, तिने फिकट पिवळसर पेन्सिल दाबून घासली. कागदाचे दाणे बुजले आणि कातडी एकसंध झाली.

चहावर साय धरली होती.

"आई," स्वराली हळूच म्हणाली, "आता या म्हणतील, आज दोन जुड्या ने. थांब, स्टोरीला टाकते."

"नको गं. आधी त्यांना बघू दे."

साडेचार वाजले होते. वेणूबाई सहापर्यंत बसायच्या. नम्रताने चित्र बटर पेपरमध्ये गुंडाळलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलं, चपला घातल्या आणि दार ओढून घेऊन ती कसब्याच्या वाटेला लागली.