डोळा लागला का?

तिची पहिली नोकरी कोणती, हे ऐकलं की लोकांच्या भुवया आजही वर जातात. ती नकली डोळे रंगवायची. ज्याचा एक डोळा गेला, त्याच्या रिकाम्या खोबणीत बसवायचे डोळे.

कारखाना म्हणजे दोन खोल्या. खिडकीपाशी टेबल, टेबलावर नखाएवढी बुबुळं आणि लाल रेशमाचा रीळ. त्या रेशमाचे केसाहून बारीक तंतू पांढऱ्यावर चिकटवायचे, वरून पारदर्शक थर द्यायचा, की झाल्या शिरा. मालकांना सगळे काका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "इथे जीभ सांभाळ. काणाडोळा, डोळेझाक, असलं काही गिऱ्हाइकासमोर निघता कामा नये."

झालं. तिच्या तोंडाला कुलूप. आपल्या भाषेत डोळ्याशिवाय बोलायचं, म्हणजे मिठाशिवाय रांधायचं. आणि काका स्वतः मात्र येईल त्याला खुशाल विचारायचे, "काय, डोळा लागला का?" तिला वाटे, थट्टा म्हाताऱ्याने करायची, बंदी तेवढी आपल्याला.

तिच्या एकटीच्या हातचा पहिला डोळा एका शिंपीणबाईंचा. अपघातानंतर त्यांची लहान लेक डोळ्यावरच्या पट्टीला भिऊन जवळ यायची बंद झाली होती, मावशीकडे राहत होती. "डोळा बसला की तिला आणायला जाणार," बाई म्हणाल्या. काकांचं बजावणं आठवून तिने एकही प्रश्न विचारला नाही.  समोरच्या चांगल्या डोळ्यात पाहायचं आणि तसंच उतरवायचं.

डोळा बसवायच्या दिवशी बाई प्रवासाची पिशवी घेऊनच आल्या. आरशात पाहिलं. खरा डोळा धुतल्यासारखा स्वच्छ, आणि नकली लालभडक.

"हा एकटाच रात्रभर जागलाय वाटतं," बाई हसल्या. मग आरशाकडे पाठ केली. "पोर पुन्हा पळेल हो मला बघून."

तिने हातातला चिमटा खाली ठेवला. नोकरी गेलीच; पण त्या लेकीचं काय?

काका जवळ आले. "रंग बिनचूक आहे. रंगवताना विचारलं होतंस, डोळा लागला का?"

"म्हणजे... तुम्ही झोपेचं विचारता?"

"मग काय, बसवायच्या आधीच बसला का विचारीन?"

"झोप कुठली तेव्हा," बाई पुटपुटल्या. "लेक गेल्यापासून रडतच होते."

"पोरी, तू डोळा नाही केलास. रडू केलंस," काका म्हणाले, आणि चिमटा तिच्याच हातात ठेवला.

तिने वरचा थर घासला. चिमटा जरा घसरला तर बुबुळावर चरा, मग सगळंच मुसळ केरात. बाकावर बाई पिशवीचा बंद पिळत बसलेल्या. एकेक तंतू निघत होता, जणू एकेक रात्र उसवत होती.

शेवटी तिने मान वर केली. "काल रात्री डोळा लागला का, ताई?"

"लागला थोडा. पहाटे पहाटे."

"मग दोन शिरा राहू देते."

काकांनी मान डोलावली.

थर वाळला, डोळा बसला, बाई धावतच एसटी गाठायला गेल्या. त्यानंतर दार वाजलं की ती आधी बघे, बाई एकट्याच तर परतल्या नाहीत ना.

एका दुपारी दार वाजलं नाही, हळूच ढकललं गेलं. बाई उभ्या होत्या. खांद्यावर लेक, गळ्याभोवती तिचे इवले हात, मान कलंडलेली.

टेबलापासून उठत तिने बाईंना कुजबुजत विचारलं, "डोळा लागला का?"

"लागला," बाई म्हणाल्या.

कोणता, ते कुणीच विचारलं नाही.