तीन बंदरांवर उतरलेली ट्रंक

मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. मित्रांनो, माझा हिरवा रंग आता पोपडे धरून उडाला आहे; पण १९५३ साली मालवणच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून तयार केले, तेव्हा मी लख्ख चमकत होते. आनंदीबाईंनी मला आपल्या लेकीसाठी, सुभद्रासाठी घेतले. सुभद्राचा नवरा हरिश्चंद्र आफ्रिकेत मोंबासाला शिवणकाम करायचा. ती त्याच्याकडे निघाली होती.

मोंबासाला उतरताना तिच्या अंगात ताप होता. तिथल्या अधिकाऱ्याने मला जमिनीवर उपडे केले, तिची लुगडी विसकटली आणि तिला तीन दिवस तारेच्या कुंपणाआड ठेवले. त्याची भाषा तिला कळेना. कुंपणापलीकडून हरिश्चंद्र ओरडायचा, "घाबरू नको गो! मी हंयसरच आसंय." त्या आवाजावर तिने ते दिवस काढले.

बारा वर्षांनी हरिश्चंद्र वारला. दहा वर्षांच्या लेकीला, कावेरीला घेऊन सुभद्रा मुंबई बंदरात उतरली. इथला अधिकारी मराठी बोलला, तेव्हा तिला धीर आला.

"बाई, पासपोर्टवर मुलीचं नाव नाही. तुम्ही जा. तिला सोडता येणार नाही."

"मग मीही इथंच बसते," सुभद्रा म्हणाली.

संध्याकाळपर्यंत दोघी माझ्यावर बसून होत्या. शेवटी वरच्या साहेबाने शिक्का मारला. मोंबासाला न रडलेली सुभद्रा इथे रडली. आपल्या भाषेतला नकार तिला फार लागला.

मालवणला आगबोटीतून होडीत आणि होडीतून वाळूवर आलो. इथे कागद कुणी मागितले नाहीत. सुभद्राचा भाऊ शंकर मला उचलत म्हणाला, "किती दिवसांसाठी इलंस?"

"आता हंयच रवतलंय, दादा."

त्याने मला पुन्हा खाली ठेवले. "घरात जागा खंय आसा?"

मागून काठी टेकत आनंदीबाई आल्या. "माझी खोली आसा. उचल ती ट्रंक!"

त्याने उचलली.

आता आनंदीबाई नाहीत. त्याच खोलीत मायलेकी राहतात. सुभद्रा लोकांची पोलकी शिवते. मी पडवीत गंजत पडले आहे. शेजारी अजून कावेरीला विचारतात, "तुझो गाव खंयचो गो?"

मित्रांनो, माझा गंज घासा असे मी म्हणत नाही. पण दमलेले कुणी तुमच्या किनाऱ्यावर उतरले, तर आधी त्याच्या हातातले ओझे घ्या. विचारायचे ते घरी नेऊन विचारा.