दरीत पडलेला ट्रक

रविवार सकाळचा मुलांचा खेळ चालू ठेवायचा की बंद करायचा, हे थिएटरचे मालक आज ठरवणार होते. म्हणून ते स्वतः मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. पडद्यावर जुना हॉलिवूडचा सिनेमा होता: आफ्रिकेचं जंगल, एक वाटाड्या, एक हरवलेलं तळं आणि एक खटारा ट्रक.

मध्यंतरानंतर पूल तुटला, ट्रक वाटाड्यासकट दरीत गेला. मुलं हळहळली. रीळ बदललं आणि तोच वाटाड्या त्याच ट्रकच्या टपावर बसून केळं खाताना दिसला.

"हा मेला होता ना?" एक मुलगी ओरडली.

"अगं, जुळा भाऊ असेल," तिचा दादा म्हणाला.

"मग ट्रकही जुळा का?"

मालकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. काही उलगडेना.

तिकीट खिडकीवरची बाई धापा टाकत वर प्रोजेक्टरच्या खोलीत आली. ऑपरेटर तिचा नवरा. "अहो, खाली मेलेली माणसं केळी खातायत!"

"रिळाच्या डब्याच्या झाकणावर चार लिहिलंय, मी चार लावलं."

"डब्यावर काय लिहिलंय?"

"डब्यावर काहीच नाही. आकडे झाकणांवरच आहेत."

ती हळूच म्हणाली, "काल झाकणं गंजलेली दिसली म्हणून मी सगळी घासून ठेवली. कुठलं कशावर बसवलं, देव जाणे."

ऑपरेटरने कपाळाला हात लावला. तसंच रेटलं तर मुलं उठून जाणार, थांबवलं तरी मालक चिडणार. शेवटी त्याने मशीन बंद केलं, दिवे लावले, खाली पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. "पोरांनो, रिळांची सरमिसळ झालीय. आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं, तुम्हीच सांगा."

एकच कल्ला झाला. मघाची मुलगी बाकावर चढली. "त्याची दाढी बघा ना! दाढी लहान, ते आधीचं!"

"चूक!" मागून आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मालक उभे होते. "तळ्यावर दाढी होती, सिंह आला तेव्हा मुळीच नव्हती. आणि सिंह तर त्याच रिळात तळ्यानंतर आला!"

"मध्ये दाढी केली असेल, काका!"

"जंगलात? वस्तरा कुठला?"

वाद मिटेना. ऑपरेटरने भीत भीत विचारलं, "मालक, मग पुढच्या रविवारचं काय करायचं?"

"नीट लावून पुन्हा दाखव," मालक वैतागून म्हणाले. "दाढीचं कळल्याशिवाय खेळ बंद कसा करू?"