बरोबर उत्तर आधी हलतं

द्वारकाच्या वाघोलीतल्या घरात जेवणाचं टेबल हल्ली जेवायला मोकळं नसे. अक्षरांची कार्डं, चुंबकाच्या मात्रा, मोठ्या टायपातली पुस्तकं, मधोमध टॅब. सगळं नऊ वर्षांच्या सृष्टीसाठी. सृष्टीला डिस्लेक्सिया. वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की तिचं पोट दुखायचं. म्हणून शाळा सोडली, शिकणं घरी आलं.

द्वारका खराडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. मुलीची साधनंही तिने तशीच तपासली.

रव्याचं ताट, बोटाने अक्षर गिरवायला : प्रगती मोजता येत नाही. बाद.
गोष्ट ऐकत ओळीवर बोट फिरवणं : हे काय वाचन झालं? बाद.
अ‍ॅप : तारे, गुण, चढता आलेख. पास!

आलेख तिला हवाच होता. वाशीमहून सासूबाई दर रविवारी फोनवर विचारायच्या, शाळा सोडून पोरगी करते तरी काय? आलेखाचा फोटो गेला की त्या गप्प.

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या पाटीसमोर द्वारका सृष्टीला घेऊन कौतुकाने थांबली. ‘दवाखाना’. कालच या शब्दाला सगळे तारे मिळाले होते.

सृष्टी पाटीकडे बघत राहिली. काल तर आलं होतं, असं आई म्हणाली आणि पोरीचा चेहरा उतरला.

“मी ढ आहे. मी आता कध्धीच वाचणार नाही.”

घरी येऊन तिने टॅब पालथा घातला. पुस्तकाला हात लावेना. दिवसचे दिवस.

मंडळी, आपण काय केलं असतं? दुसरं अ‍ॅप घेतलं असतं. द्वारकाही तेच शोधत होती. पण नवरा सलिल म्हणाला, आधी कुणाला तरी विचारू.

सदाशिव पेठेत राजनंदिनीताई अशा मुलांना शिकवत. आपल्या नोकरीपासून सासूबाईंच्या रविवारच्या फोनपर्यंत सगळं सांगून द्वारकाने त्यांच्यापुढे आलेख ठेवला. त्यांनी तो बाजूला सारून सृष्टीलाच विचारलं, एवढे तारे मिळवलेस कसे?

“बरोबर उत्तर आधी हलतं,” सृष्टी म्हणाली. “थोडंसंच. मग मी तेच दाबते.”

द्वारकाने टॅब उघडून पाहिलं. खरंच हलत होतं.

“अहो, चुका शोधायचा पगार तुम्ही घेता ना?” राजनंदिनीताई म्हणाल्या. “तो हिला द्या.”

सृष्टी खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी.

मग ताईंनी समजावलं. अक्कल भरपूर आहे. अक्षर आणि आवाज जोडायला हिला वेळ जास्त लागतो, एवढंच. हात, कान, डोळे एकदम कामाला लावा. अ‍ॅप वाईटच असतं असं नाही.

“पण हे तुम्ही हिच्यासाठी निवडलंत, की रविवारच्या फोनसाठी?”

द्वारका सृष्टीकडे वळली. तिने पहिल्यांदाच मुलीला विचारलं, तुला काय आवडलं होतं?

“रवा. चुकलं की ताट हलवायचं. कुणाला दिसत नाही.”

रवा परत आला. ऐकायच्या गोष्टी परत आल्या. रविवारी द्वारकाने सासूबाईंना सांगितलं, आता फोटो नाही, वेळ लागेल. त्या रुसल्या. रुसू देत.

पावसाळा गेला. दिवाळी गेली.

आणि एका संध्याकाळी सोसायटीच्या लिफ्टपाशी वॉचमनने हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता. सगळे त्याकडे न बघता आत शिरले. सृष्टी बाहेरच थांबली, द्वारका दारात. बोट कागदावर.

“उ... द्या... उद्या. टा... की...”

“मॅडम, दार लागू द्या ना,” आतून कुणीतरी करवादलं.

शब्द द्वारकाच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला आणि दार हाताने अडवलं.

“थांबा. ती वाचतेय.”

“टाकी धु... णार. सकाळी... पाणी... नाही!” सृष्टी वळली. “आई, उद्या पाणी नाही! बादल्या भरायला हव्यात!”

लिफ्टमधले सगळे त्या कागदाकडे बघू लागले. तो सकाळपासून तिथेच होता. वाचला होता एकटीने.

त्या रात्री इमारतीतली प्रत्येक बादली सृष्टीच्या वाचनावर भरली!

मंडळी, मुलाचं साधन निवडताना दुकानाला विचारा, जाणकारांना विचारा, पण आधी मुलाला विचारा. त्याची प्रगती नातेवाइकांना दाखवायची वस्तू नाही. आणि मूल अडखळत वाचत असेल, तेव्हा शब्द पुरवू नका. जगाची कितीही घाई असो, दार धरून उभे राहा.