एका रिंगेचा निरोप

दुपारचं जेवण झालं, हृदयाची गोळी घेतली, की आई थोरलीला फोन लावायची, एक रिंग ऐकायची आणि कापायची. थोरलीने तो उचलायचा नाही, हा नियम. एक रिंग म्हणजे सगळं ठीक आहे, मी आता आडवी होते. फोन वाजतच राहिला तर हातातलं टाकून ये.

ही भाषा घरात बाबांपासून चालत आलेली. बाबा मालाचा ट्रक चालवायचे. मुक्कामाला पोचले की एक रिंग द्यायचे. आई फोनकडे बघून मान हलवायची आणि मगच मुलांना जेवायला वाढायची. तेव्हा बोलण्याला पैसे पडायचे. आता पडत नाहीत, हे थोरलीने आणि धाकट्याने आईला नाना परीने समजावलं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाबा गेले, ट्रक विकला गेला, रिंग तेवढी राहिली.

थोरली कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात अल्टरेशनचं काम करायची. कुणाची पँट पायात लोंबते, कुणाचा कोट पोटावर बसत नाही. ते सगळं तिच्याकडे यायचं. आधी तिचं मशीन दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी होतं. मग मालकांना तिथे लहान मुलांच्या कपड्यांचा विभाग हवा झाला, आणि थोरली, तिचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कपडे अडकवायचा दांडा अशी वरात तळघरात आली. तळघरात भिंती जाड, उजेड ट्यूबलाइटचा आणि मोबाइलला रेंज शून्य.

"आईचा फोन असतो दुपारी," तिने मॅनेजरबाईंना सांगितलं.

"मग दुकानाचं वायफाय घ्या की," त्या म्हणाल्या. "हल्ली वायफायवरून साधे फोनही येतात."

कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने तिच्या फोनमध्ये दोन-चार ठिकाणी बोट फिरवून वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. समोर उभं राहून फोन लावून दाखवला. तो वाजला. थोरली निश्चिंत मनाने तळघरात उतरली.

तिसऱ्याच दिवशी रिंग आली नाही.

तिने वाट पाहिली. एका पँटची शिवण उसवली, खडूची खूण केली, टाचण्या लावल्या. मग स्वतः आईला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. हे अपेक्षितच होतं. आई कानातलं यंत्र काढून झोपायची आणि फोन स्वयंपाकघरात खिडकीत ठेवायची. शेजारच्या घराला महिनोन्‌महिने कुलूप. म्हणजे उठून जाण्याशिवाय इलाज नव्हता.

बस, मग चालणं, मग दोन जिने. थोरलीने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं तेव्हा आई पलंगावर उठून बसली होती, केस विस्कटलेले.

"अगं, तू? दुकान जळालं का?"

"रिंग का नाही दिलीस?"

"दिली की."

"नाही आली, आई."

"मग कुठे गेली? वाटेत कुणी उचलून नेली?" आईने चष्मा शोधला. "आता आलीच आहेस तर चहा टाक."

चहा झाला. परतल्यावर मॅनेजरबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिंग आली, त्याच्या पुढच्याही दिवशी आली. मग नाही आली. पुन्हा बस, चालणं, दोन जिने, आणि आई म्हणाली, "दिली की."

असं होऊ लागलं. कधी रिंग यायची, कधी नाही. दुपारी थोरलीचा जीव टांगणीला लागायचा. एक डोळा सुईवर, दुसरा फोनवर. आईचा साधा बटणांचा फोन तिने तपासून पाहिला. केलेल्या फोनमध्ये वरपासून खालपर्यंत तिचाच नंबर होता, पण त्या फोनचं घड्याळ दर खेपेला बॅटरी संपली की कुठल्यातरी जुन्या सालात जाऊन बसायचं. त्यावरून काहीच कळेना. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ गाणं ऐकवून एक मुलगी म्हणाली, "फोन बंद करून पुन्हा चालू करा, मॅडम." थोरलीने केला. आणि वायफायवर काही बिघडलंय म्हणावं, तर बाकी सगळ्यांचे फोन व्यवस्थित येत होते. धाकट्याचा येत होता, मॅनेजरबाईंचा येत होता, घर बदलायचंय का विचारणाऱ्या परक्या बाईचासुद्धा येत होता. येत नव्हती ती फक्त आईची रिंग. मग दोष कुणाचा, हे उघडच होतं.

चौथ्यांदा ती उठून गेली तेव्हा मॅनेजरबाई जिन्यात उभ्या होत्या. "पुढच्या वेळी जाल तेव्हा तुमची कात्री बरोबर घेऊन जा," त्या म्हणाल्या. "परत यायची तसदी नको."

त्या संध्याकाळी तिने दुसऱ्या गावी राहणाऱ्या धाकट्याला फोन केला.

"विसरते आहे ती," तो म्हणाला. "मला वाटतच होतं. परवा मला एकच गोष्ट दोनदा सांगितली."

"एकच गोष्ट दोनदा तूही सांगतोस."

"ताई, चेष्टा नाही. उद्या गोळी घ्यायची विसरली तर? की घेतलेली विसरून परत घेतली तर? तिला माझ्याकडे आणू. पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो."

"ती नाही यायची. त्या घरातून ती हलणार नाही."

"मग तुझ्याकडे ने."

थोरलीची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचं हृदय दोन जिन्यांवरच धापा टाकायचं. धाकट्याला हे ठाऊक होतं. 

"एकदा समोर बसून बघते," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी ती आईकडे जेवायला गेली. आईने भांडी घासली, गोळी घेतली, खिडकीतून फोन घेतला आणि बटण दाबून धरलं. टेबलावर ठेवलेला थोरलीचा फोन वाजला. आईने लगेच कापला.

"ऐकलंस?" आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचा आनंद होता. "वाजतोय की नाही?"

"वाजतोय." थोरलीचा आवाज दमलेला होता. "फोन चांगला आहे, आई. तोच तर प्रश्न आहे. फोन चांगला असताना रिंग येत नाही, म्हणजे..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. आईने ते आपल्यापुरतं पुरं केलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. तिने फोन खिडकीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"म्हणजे मी दिली असं मला वाटतं," ती म्हणाली, "आणि दिलेली नसते."

थोरली टेबलावरचा आपला फोन पर्समध्ये ठेवू लागली.

"तुझ्या बाबांच्या मावशीचं असंच झालं होतं. चूल विझवली म्हणायची आणि चूल पेटलेली." आईने पदराने ओटा पुसला, जो कोरडाच होता. "धाकट्याला सांग, येते मी. पण माझा पलंग न्यायचा."

इतकं वाद न घालता आई कधी कशाला तयार झाली नव्हती. थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बसमध्ये तिने डोकं खिडकीला टेकलं आणि उतरायचा थांबा चुकवला.

दोन दिवसांनी दुपारी ती तळघरात एका कोटाच्या बाह्या आखूड करत होती. त्या दिवशीही रिंग आलेली नव्हती. पण आता ती उठून जात नव्हती. येताना सकाळी आईला गोळी स्वतःच्या हाताने काढून देऊन आली होती, आणि रविवार जवळ आला होता. फोन वाजला. तिने तोंडातली टाचणी काढली आणि लगेच उचलला. वरून कातरमास्तर बोलत होते, काउंटरच्या फोनवरून. दुकानात कापड कापायचं आणि मापं घ्यायचं काम त्यांचं.

"ताई, झोपलात की काय? किती वेळ वाजतोय!"

"एकदाच वाजला, मास्तर. लगेच तर उचलला."

"एकदा? इथे माझ्या कानात चार-पाच वेळा वाजला. गिऱ्हाईक तोंडाकडे बघतंय माझ्या."

"एकदाच वाजला हो. फोन समोरच आहे."

"ताई, चाळीस वर्षं मापं घेतोय मी. एक आणि पाच यांतला फरक मला कळतो. बरं, ते राहू द्या, त्या निळ्या कोटाचं..."

पण थोरलीचं निळ्या कोटाकडे लक्ष नव्हतं.

"मास्तर, एक काम करा. ठेवा आणि पुन्हा लावा. पण कानात एक रिंग वाजली की लगेच कापा."

"गिऱ्हाईक अर्ध्या बाहीत उभं आहे, ताई."

"एकदाच."

तिने फोन मशीनच्या पाटावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली. पडदा काळाच राहिला. ती थांबली, आणखी थांबली. मग फोन घेऊन जिना चढून वर गेली. मास्तर गळ्यात टेप घालून एका जाड्या माणसाच्या पाठीवर खडूने रेघ मारत होते.

"लावला का नाहीत?"

"लावला की!" मास्तर वैतागले. "एक वाजली, कापला. तुम्हीच म्हणालात ना? आता मी खोटारडा का?"

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. कुणाचा फोन येऊन गेल्याची खूणसुद्धा त्यावर नव्हती. ती तिथेच वरच्या पायरीवर बसली. दुकानात येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जाऊ लागली.

"ताई, बरं वाटत नाही का?" मास्तरांचा आवाज खाली आला.

"मी माझ्या आईला खोटं ठरवलं, मास्तर."

संध्याकाळी ती मोबाइलवाल्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "होतं असं. लावणाऱ्याच्या कानात रिंग आधी सुरू होते. तुमचा फोन रेंज सोडून वायफायवर असतो ना, त्याला जागं व्हायला वेळ लागतो. कधी कमी, कधी जास्त. माणसं वाट बघतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. एका रिंगेत कापतं कोण आजकाल?"

"आमच्याकडे कापतात," थोरली म्हणाली. "मग आता बंद करू का हे?"

"बंद केलंत तर तळघरात काहीच येणार नाही."

म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने सेटिंग होतं तसंच ठेवलं आणि बस धरली.

आईच्या खोलीत कपड्यांची दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. पलंगावरची गादी गुंडाळलेली, आणि आई खुर्चीत बसलेली. थोरलीने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे मी देत होते," शेवटी ती म्हणाली.

"देत होतीस."

"रोज?"

"रोज दिली असशील. मला कसं कळणार? पण देत होतीस."

आई बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत होती. थोरलीला वाटलं, आता ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. आई म्हणाली, "गेले दोन दिवस मी गॅस बंद केला की त्याच्याकडे तीन-तीनदा जाऊन बघते. तुझ्या त्या फोनपायी."

"चुकलं माझं."

"गादी उलगड," आई म्हणाली. "पाठ दुखते माझी या खुर्चीत."

धाकट्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आज फोनचं निघालं, ताई. उद्या खरंच विसरेल तेव्हा?"

"तेव्हा बघू. आज ती विसरलेली नाही. गाडी आणू नकोस." थोरलीला एवढंच बोलायची ताकद उरली होती.

निघताना तिने आईला समजावलं, की आता एका रिंगेवर कापायचं नाही, थोडा वेळ वाजू द्यायचा. आईला ते मुळीच पटलं नाही.

"किती वाजू द्यायचा?"

"पाच-सहा वेळा."

"आणि तू उचललास तर?"

"नाही उचलणार."

"वाजत राहिला म्हणजे ये, असं आहे आपलं. मग मी बरी आहे की पडले आहे, हे तुला कसं कळायचं?"

 थोरलीला झोप अनावर झाली होती. "करून तर बघ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळघरात फोन वाजला. पडद्यावर आई. थोरलीने हात मांडीखाली दाबून धरला. फोन वाजला, पुन्हा वाजला. आता कापेल, आता कापेल. कापला नाही. इस्त्री घ्यायला खाली आलेले मास्तर दारात थबकले.

"उचला की, ताई."

"उचलायचा नसतो."

फोन वाजतच होता. जन्मभराची सवय एकच अर्थ सांगत होती: ये. कालचं बोलणं दुसराच सांगत होतं. थोरलीचे पाय मशीनच्या पेडलवरून आपोआप खाली आले. जिन्याकडे धावावं, की बसून राहावं? मॅनेजरबाईंची कात्रीची गोष्ट तिला आठवली, आणि मग तिने आजवर कधी न केलेली गोष्ट केली. फोन उचलला.

"आई?"

पलीकडे श्वास ऐकू आला. मग आईचा आवाज, चिडलेला.

"उचललास कशाला? मी मोजत होते."

"किती झाल्या?"

"आठ. तुझ्याकडे त्यातल्या किती पोचतात कोण जाणे, म्हणून दोन जास्तीच्या दिल्या."

थोरलीने डोळे मिटले. टाचण्यांची डबी तिच्या कोपराने पडली होती आणि मास्तर खाली वाकून एक-एक टाचणी वेचत होते.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"जेवलीस?"

"जेवल्याशिवाय गोळी घेते का मी?"

 दुपारच्या या वेळी त्या कधी बोलल्याच नव्हत्या. पलीकडे नळातून थेंब पडताना ऐकू येत होते. वॉशर बदलायला हवा, थोरलीच्या मनात आलं.

"बरं, ठेव आता," आई म्हणाली. "उगाच पैसे जातात."

"तू ठेव."

"तू उचललास, तूच ठेव."