उलटी बसवलेली काच

चष्म्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं डोळे तपासायला थांबली होती. तेवढ्यात एक बाई आत आली, कोणाला काही न विचारता काउंटर ओलांडला आणि थेट मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती निवृत्त नर्स आहे हे नंतर कळलं. त्या वेळी दिसली ती घट्ट मिटलेली जिवणी आणि हातातली कॅमेऱ्याची जुनी लेन्स.

"लेन्स नीट करणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

भिंगताईने काच घासायचं मशीन बंद केलं. तिचं खरं नाव दुकानात कोणी घेत नसे. चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं पोटापाण्याचं काम, पण जीव सगळा कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्समध्ये. म्हणून मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची ती भिंगताई.

"हो, मीच. काय झालं?"

"काय झालं ते तुम्हीच सांगा." बाईने लेन्स पुढे केली. "तुमचे दीर म्हणाले, आमच्या वहिनीचा हात लागला की काच नव्यासारखी होते. हा बघा तुमचा हिरवा ठिपका."

ठिपक्याची ओळख बाजारात सगळ्यांनाच होती. भिंगताई दर रविवारी जुन्या बाजारात जायची आणि भंगाराच्या भावात टाकून दिलेल्या लेन्स उचलून आणायची. एखादीच्या आत बुरशीने कोळ्यासारखं जाळं विणलेलं असे, एखादीचं फोकसचं कडं ग्रीस सुकून गच्च बसलेलं, एखादीच्या आतल्या, उजेड कमीजास्त करणाऱ्या बारीक पाकळ्या तेलाने चिकटून उघडमीट करायच्या थांबलेल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून ती एकेक भाग सुटा करी. कुठली काच कुठल्या तोंडाने होती त्याची पेन्सिलीने खूण करी. बुरशी पुसून, पाकळ्या धुऊन कोरड्या करून सगळं पुन्हा जागच्या जागी बसवी. मग स्वतः फोटो काढून बघी, आणि तो मनासारखा आला तरच शेवटच्या स्क्रूवर हिरव्या नेलपॉलिशचा थेंब टेकवी, स्क्रू सैल होऊ नये म्हणून. अशा तयार झालेल्या लेन्स तिचा धाकटा दीर त्याच बाजारातल्या आपल्या गाळ्यावर विकत असे. ठिपका असला की लोक डोळे मिटून ती लेन्स घेत.

भिंगताईने टॉर्च लावून लेन्समध्ये पाहिलं आणि तिची कानशिलं तापली. स्क्रूंची डोकी भलत्याच स्क्रूड्रायव्हरने चावल्यासारखी झाली होती. पाकळ्यांवर शिलाई मशीनचं तेल चमकत होतं. आतल्या काचेवर कोणाच्या तरी अंगठ्याचा अख्खा ठसा. आणि त्या काचेत उमटलेली ट्यूबलाइट भलत्याच बाजूला वाकलेली होती. काच उलटी बसवली होती.

"बाई, ही मी उघडलेली नाही. माझ्या हातून काच उलटी बसणं शक्यच नाही."

"ठिपका तुमचा आहे."

"माझ्यासारखा आहे."

"मला काय करायचंय त्याच्याशी?" बाईचा आवाज चढला. बाहेरची गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. तिने पर्समधून एक फोटो काढून भिंगताईच्या हातात जवळजवळ कोंबलाच. "आई गेली त्यानंतर आम्ही पाचही भावंडं पहिल्यांदा एकत्र आलो होतो. बोलणं बंद होतं आमचं. सगळं मागे टाकून आलो. मी टायमर लावून लावून अख्खा रोल संपवला. कॅमेऱ्यातून बघताना जरा धूसर वाटायचं, तर म्हटलं आपलेच डोळे गेले. चष्म्याचा नंबर बदलून घेतला! रोल धुऊन यायच्या आत दादा गेला. हा कडेला बसलाय तो. सांगा, ओळखू येतो का माणूस आहे म्हणून?"

मधल्या भावंडांचे चेहरे कसेबसे कळत होते. कडेचा माणूस पाण्यात राहिलेल्या साबणासारखा विरघळला होता. नाकाच्या जागी सावली आणि चष्म्याचे दोन पांढरे डाग.

"लेन्स ठेवून जा," भिंगताई म्हणाली. "मी नीट करून देते."

"नीट म्हणजे? काच सुलटी केली की दादा येऊन बसणार आहे का पुन्हा?"

बाई लेन्स टेबलावर ठेवून निघून गेली. मालकांनी आत डोकावून, "ताई, दुकानात तमाशा नको हं," एवढंच म्हटलं. तो उरलेला दिवस भिंगताईने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत.

संध्याकाळी दीर नेहमीसारखा जेवायला आला. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एकटाच राहायचा तो. बोलण्यात असा की दगडालाही टोपी घालील. भिंगताईने ताटाऐवजी त्याच्यासमोर लेन्स ठेवली.

"भाऊजी, ही कोणी उघडली?"

त्याने ती उचलून बघितली, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. "असेल त्यातलीच एखादी."

"त्यातली म्हणजे कशातली?"

"अहो वहिनी, तुम्ही महिनाभर बसून दोन-तीन करणार. गिऱ्हाईक मागतंय दहा. मग मीच शिकलो थोडं, व्हिडिओ बघून. काही तर उघडल्यासुद्धा नाहीत, नुसत्या बाहेरून चकाचक पुसल्या." केवढी युक्ती काढली आपण, अशा थाटात तो सांगत होता.

"आणि ठिपका?"

"त्याशिवाय घेत नाहीत ना लोक. बाटली काय, कुठेही मिळते."

"त्या बाईच्या मेलेल्या भावाचा चेहरा उठला नाही फोटोत."

"ते वाईट झालं," तो म्हणाला, आणि वर हसला. "पण खरं सांगू? आजकाल लोकांना मुद्दाम धूसर लागतं. व्हिंटेज म्हणतात त्याला."

लग्न होऊन आल्यापासून तिने या माणसाला भाऊजी आणि तुम्ही याखेरीज हाक मारली नव्हती. आता तिच्या तोंडून जे निघालं त्याने तीही क्षणभर दचकली.

"तू," ती म्हणाली, "तू माझे हात विकलेस. न विचारता. वर दात काढतोस?"

"अगं, आवाज!" शेजारी बसलेला नवरा मध्ये पडला. "धाकटा आहे तो."

"धाकटा? टक्कल पडलंय त्याला!"

"घरातली गोष्ट घरात मिटवू. त्या बाईची लेन्स दे नीट करून, की संपलं. बाहेर बभ्रा झाला तर त्याचा गाळा जाईल."

"आणि माझं काय जाईल?"

"तुझं काय जायचंय?" नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुझा तर छंद आहे."

दिराच्या लबाडीपेक्षा छंद हा शब्द तिला जास्त झोंबला. पाठ धरेपर्यंत, डोळ्यांची आग होईपर्यंत ज्या टेबलावर ती बसत आली, तिथे नवऱ्याने रोज चहा प्यायला होता. आणि त्याच्या लेखी हा छंद. ती उठून आतल्या खोलीत गेली. दोघांनी आपापलं वाढून घेतलं. जेवताना दीर कसला तरी विनोद करत होता, तो तिला आतल्या खोलीत ऐकू येत होता.

रविवारी ती बाजारात गेली. हातात कापसाचं पुडकं आणि नेलपॉलिश पुसायच्या द्रवाची बाटली. दिराच्या गाळ्यासमोर गर्दी होती. लाल कापडावर लेन्स ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर हिरवा ठिपका. दीर एका तरुण जोडप्याला सांगत होता, "डोळे झाकून घ्या. आमच्या वहिनीचा हात..."

"वहिनी आल्येय," भिंगताई म्हणाली.

तिने पहिली लेन्स उचलली, उजेडाकडे धरली. आत बुरशी जशीच्या तशी. कापूस भिजवला, ठिपका पुसला, लेन्स खाली ठेवली. दुसरी उचलली.

"वहिनी, काय चाललंय? लोक बघतायत!"

"बघू देत. त्यासाठीच आलेय." तिसरीत तेल. पुसला ठिपका. "ही उघडलेलीच नाही. ही उघडली आणि बिघडवली. ही..." ती गर्दीकडे वळली. "ऐका सगळ्यांनी. यातल्या एकीलाही माझा हात लागलेला नाही. हा माणूस माझा दीर आहे आणि याने तुम्हाला फसवलंय."

दिराने तिचं मनगट धरलं. "घरच्या माणसाचं वाटोळं करायला निघालीस? शोभतं का तुला?" चोराच्या उलट्या बोंबा त्या ह्याच.

"हात सोड," ती म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली, की त्याने लगेच सोडला.

तरुण जोडपं केव्हाच निघून गेलं होतं. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस पुढे झाला. "ताई, मी गेल्या महिन्यात घेतली ना इथून. मग माझीचं काय?"

भिंगताईने याचा विचार केलेला नव्हता. तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आणून द्या. ज्यांनी ज्यांनी घेतली त्यांनी सगळ्यांनी आणून द्या. उघडून बघीन. होईल तेवढं नीट करीन."

लेन्स आल्या. पिशव्यांतून आल्या, डब्यांतून आल्या, एक तर मोज्यात गुंडाळून आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी तिची गत झाली. दुसऱ्याने केलेली घाण ती संध्याकाळमागून संध्याकाळ फुकटात उपसत राहिली, आणि प्रत्येक चावलेल्या स्क्रूबरोबर नव्याने संतापली. काही लेन्स कामातून गेल्या होत्या. त्यांच्या मालकांची बोलणी तिने ऐकून घेतली. दिराचा गाळा गेला. तो जेवायला यायचा थांबला. जिन्यात समोर आला की भिंतीकडे बघत उतरायचा. नवरा घरात कामापुरतं बोलत होता. चुलतसासूचा फोन आला, "बाईच्या जातीने थोडं पोटात घालावं." भिंगताई म्हणाली, "पोट भरलंय माझं," आणि फोन ठेवून दिला.

नर्सबाईची लेन्स तिने सर्वात आधी हातात घेतली होती आणि सर्वात शेवटी पुरी केली. बाईला घरीच बोलावलं. बाई आली ती उभीच राहिली.

"बघून घ्या. कॅमेऱ्याला लावून बघा."

बाईने लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, खिडकीबाहेर रोखली, कडं फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं.

"स्वच्छ दिसतंय," ती शेवटी म्हणाली. "पण माझा राग गेलेला नाही. सांगून ठेवते."

"जाऊ नये. माझाही गेलेला नाही."

बाईने कॅमेरा वळवून तिच्यावर धरला. "थांबा तशाच. हसू नका."

"हसतंय कोण?"

खट्कन आवाज झाला. मग बाई खुर्ची ओढून बसली आणि दादाबद्दल बोलायला लागली. माणूस भांडकुदळ होता. शेवटच्या भेटीतही आंघोळीच्या पाण्यावरून भांडला. भिंगताई ऐकत राहिली. चहा झाला, तोही दोनदा.

काही दिवसांनी पाकिटातून फोटो आला. टेबलावर पडलेला नवऱ्याने बघितला, उचलून उजेडाला नेला. त्यात भिंगताईच्या कपाळावरची आठी न आठी, डोळ्याखालची सूज, काचेची पूड लागलेली नखं, सगळं स्पष्ट होतं.

"केवढी रागावलेली दिसतेस," तो म्हणाला.

"दिसत नाही. आहे."

"माझ्यावरही?"

"तुमच्यावर जास्त."

त्याने धाकट्याचं नाव काढायला तोंड उघडलं असावं, पण काढलं नाही. फोटो घेऊन तो समोरच्या खुर्चीवर बसला. टॉवेलवर उघडून ठेवलेल्या लेन्सच्या तुकड्यांतल्या बारीक पात्यांकडे बोट करून त्याने विचारलं, "हे काय असतं?"

"पाकळ्या," ती म्हणाली. मान वर न करता म्हणाली, पण म्हणाली. "हात लावू नका. लांबूनच बघा."