दुसऱ्यांदा वाचलेला कागद

"कोटाला हिरवं बटण लावलंय गं. कोट निळा. लोक हसतील," शिंपी नवरा डबा भरता भरता म्हणाला.

"हसू देत. शिंपी कोण म्हणून विचारतील, तुझीच जाहिरात," ती म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अकरा वर्षं ती तक्रारींचा फोन घ्यायची. तिला जन्मापासून दिसत नाही. पण सकाळी ऐकलेली तक्रार संध्याकाळी शब्दाला शब्द म्हणून दाखवायची. नव्या साहेबाने चार दिवसांपूर्वी तो फोन स्वतःच्या मेव्हण्याला दिला आणि तिला संडासाशेजारच्या बोळात बिनकामाची बसवली. "बसून पगार मिळतोय बाई, नशीब काढलंत!" वर तिची खुर्ची गुपचूप सरकवायची आणि ती चाचपडली की खिदळायचं. याला ही शिकलेली माणसं गंमत म्हणतात. लिहिताना किळस येते.

त्या दिवशी मोठ्या कारकुनाने तिला बोळातून कामाच्या खोलीत बोलावलं आणि कागद पुढे केला. तिचा प्रत्येक कागद आजवर त्यानेच वाचून दाखवलेला. ती त्याला भाऊ म्हणायची.

"तुमचा अर्ज टाइप करून आणलाय ताई. ऐका. 'महोदय, मला माझ्या पूर्वीच्या टेबलावर पुन्हा नेमावे, ही नम्र विनंती. आपली विश्वासू.' करा सही."

तिने पेन उघडलं. "किती छान लिहिलंय! पुन्हा एकदा वाचा ना, भाऊ."

"अं... 'महोदय, माझी जुनी जागा मला परत द्यावी, अशी विनंती आहे. आपली नम्र.'"

तिने पेनाला टोपण लावलं.

"भाऊ, छापलेली अक्षरं एवढ्यात बदलली?"

तक्रारींच्या खिडकीपाशी एक म्हातारा मेव्हण्याशी भांडत होता. तो आवाज तिने फोनवर शंभरदा ऐकला होता.

"टेकडीवरचे काका ना? जरा इकडे या. हे मोठ्यानं वाचा."

काकांनी चष्मा लावला. "'दृष्टिदोषामुळे मला काम झेपत नाही. मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' अहो, हे काय? काम तर याला झेपत नाही! नळाची झडप म्हणजे काय, ते मलाच विचारतोय!"

साहेब केबिनमधून धावत आला. "बाई, तमाशा नको. तुमच्या भल्यासाठीच केलं."

"माझं भलं मला न विचारता?" तिने कागदाची घडी कोटाच्या खिशात घातली. "हा आता वकिलाकडे जाईल. आणि मी माझ्या टेबलावर. खुर्ची ज्याने सरकवलीय त्याने आणून ठेवावी."

मग ती कारकुनाकडे वळली.

"भाऊ, अकरा वर्षांत आणखी कशाकशावर सह्या घेतल्यात माझ्या?"

खोलीत कचेरीतली बारा डोळस माणसं होती. तो राजीनामा सकाळपासून कारकुनाच्या टेबलावर उघडा पडला होता, आणि बाराही जणांनी तो वाचलेला होता.